घरच्या शाळेची तपासणी

संप मिटेना आणि आबासाहेबांची शाळा सुटेना. सरकारी नोकरांच्या जोडीला मास्तरलोकही संपावर गेले, शाळांना कुलपं लागली आणि सात रस्त्यामागच्या त्या घरात दिवाणखान्याची शाळा झाली. आता संक्रांतही होऊन गेली होती. गावातली झाडून सगळी पोरं गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसत होती आणि या घरातली सहा पोरं जाजमावर इयत्तेप्रमाणे बसत होती.

आता शाळा म्हणजे काय, तर सामान. आबासाहेबांनी सगळी हयात जिल्ह्यातल्या शाळा तपासण्यात घालवली होती. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी लोक त्यांना डेप्युटीसाहेबच म्हणत. शाळा तपासावी कशी, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. शाळेत शिकवावं कसं, हा प्रश्न नोकरीत कधी आला नाही, म्हणून त्यांनी तो घरातही येऊ दिला नाही. आधी फळा आला. मग पितळी घंटा आली. मग नकाशे, पृथ्वीचा गोल, हजेरीपट आणि भिंतभर वेळापत्रक. सहा पोरांची पुस्तकं गोळा करून त्यांना खाकी कव्हरं घातली, इयत्तेप्रमाणे रंगीत पट्ट्या चिकटवल्या, दुसरीला हिरवी, चौथीला पिवळी, सातवीला तांबडी, आणि ती सगळी आपल्या पत्नीच्या, मुक्ताबाईंच्या, लुगड्यांच्या कपाटात ओळीनं लावून वर कुलूप घातलं. लुगडी ट्रंकेत गेली. पुस्तक पाहिजे असेल तर पोरानं वर्गनायकाला सांगायचं, वर्गनायकानं भांडारप्रमुखांना, भांडारप्रमुखांनी आबांची परवानगी घेऊन कपाट उघडायचं. एवढं होईपर्यंत तास संपायचा. घंटा मात्र एकदासुद्धा चुकली नाही.

भांडारप्रमुख होत्या रंभाबाई, थोरल्या सूनबाई. लग्न होऊन आल्यापासून कोठीच्या किल्लीला सासूनं त्यांना हात लावू दिला नव्हता. ही पहिली किल्ली त्यांच्या कमरेला आली होती. जेवताना, झोपताना, न्हाताना ती कमरेलाच. चपात्या लाटतानासुद्धा किल्ली वाजली पाहिजे अशा बेतानं त्या लाटायच्या, आणि ते ऐकू येईल इतपत जवळ प्रेमलाला बसवून घ्यायच्या.

प्रेमला धाकटी सून. घरात खरोखर शिकवता येत होतं ते तिला एकटीला. मुलींच्या शाळेत ती गणित शिकवायची, आणि म्हणूनच ती संपावर होती. "संपावरच्या बाईनं घरात तास घेतला तर तो संप फोडणंच झालं की," असं तिच्या नवऱ्यानं, एकनाथनं, पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तो कचेरीत कारकून, तोही संपावर. संपाच्या बाबतीत तो इतका कडक होता, की घरात कुणी पाणी मागितलं तरी उठत नसे.

आबांनाही तिचा तास नको होता. त्यांना हवा होता तिचा राजीनामा. संक्रांतीला सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवून झाला आणि त्यांनी जाहीर केलं, "आता शाळेची रीतसर तपासणी होईल. तीत शाळा पसंतीला उतरली, की ती कायम. संप मिटला तरी कायम. आणि घरची शाळा असताना घरच्या बाईनं परक्या पोरींसाठी झिजण्याचं प्रयोजन नाही. धाकट्या सूनबाई राजीनामा देतील आणि इथलं बघतील." मसुदा त्यांनी आधीच करून ठेवला होता, इंग्रजीत. प्रेमलाच्या तोंडातला तिळगूळ तोंडातच राहिला.

त्या नोकरीवर तिचा जीव होता. सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडली, की संध्याकाळपर्यंत ती कुणाची सून नसायची, कुणाची जाऊ नसायची. बाई असायची. वर्गात शिरताच बाकं वाजवत पोरी उभ्या राहायच्या, ते तिला महिनाभर स्वप्नात दिसत होतं. पण घरात तिच्या बाजूनं बोलणारं कोण? सासूबाई म्हणाल्या, "बरं हुईल की. दुपारच्याला माज्या हाताखाली कुणीतरी पायजेलच." रंभाबाईंची चार पोरं परस्पर सांभाळली जाणार होती, त्या कशाला नाही म्हणतील? थोरले दीर मानसिंग अक्कलकोट रोडच्या आपल्या यंत्रमागांवरून घरी यायचे ते झोपायलाच. त्यांनी फळे पुसायला विणीत चुकलेल्या टॉवेलांचा गठ्ठा पाठवून दिला आणि आपलं मत दिलं. आणि एकनाथ? तो पत्ते पिसत म्हणाला, "बघू की."

राहता राहिली तपासणी. स्वतःची शाळा स्वतः तपासणं नियमात बसत नव्हतं, आणि नियमात न बसणारी गोष्ट आबांनी आयुष्यात केली नव्हती. म्हणून त्यांनी दुधनीच्या शिवलिंगप्पा गुरुजींना बोलावणं धाडलं. हे रिटायर हेडमास्तर. त्यांच्या शाळेला आबांनी उभ्या नोकरीत एकदासुद्धा बरा शेरा दिला नव्हता.

"त्या गरीब मास्तराला कशाला वो बोलीवता?" मुक्ताबाई म्हणाल्या. त्यांचं माहेर त्याच बाजूचं, गुरुजी त्यांच्या ओळखीचे. "तुमी शाळेत आला की त्येचं पोट बिघडायचं. त्येची बायकू मला सांगायची."

"म्हणूनच," आबा म्हणाले, "तो माणूस निःपक्षपाती राहील."

गुरुजी आले ते खांद्यावर तूरडाळीची पिशवी घेऊन. तपासणी म्हटल्यावर साहेबांसाठी काहीतरी न्यायचं, ही आयुष्यभराची सवय. आज साहेब आपण आहोत हे त्यांना दारात पिशवी खाली ठेवल्यावर आठवलं. मग पिशवी घ्यावी की ठेवावी, अशा विचारात ते तिथंच उभे राहिले. शेवटी मुक्ताबाईंनीच ती उचलून आत नेली.

"शरणार्थी साहेब," ते आपल्या बाजूच्या रिवाजानं हात जोडून नमस्कार करत म्हणाले.

"साहेब आज तुम्ही. बसा खुर्चीत."

गुरुजी खुर्चीच्या कडेला टेकले. पुढ्यात पुऱ्या आल्या, साजूक तुपातला शिरा आला, भरली वांगी आली. तपासणीच्या दिवशी आपल्याला काय काय मिळायचं, ते आबांनी बरोबर ध्यानात ठेवून सांगितलं होतं. पानावरून उठेपर्यंत गुरुजी खुर्चीत पार मागपर्यंत सरकून बसण्याइतके सुधारले. मग त्यांनी एक डुलकीसुद्धा काढली. त्या घराला तेव्हा खात्री पटली, की हा माणूस तपासणी करू शकेल.

पोरं जाजमावर बसली. प्रेमला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. शाळा उतरली तर तिची नोकरी गेली, आणि शाळा बुडाली तर वाचली. उभ्या आयुष्यात तिनं कुठल्या शाळेचं वाईट चिंतलं नव्हतं, आज मनातल्या मनात चिंतत होती. तेवढ्यात तिचं लक्ष पहिल्या रांगेकडे गेलं. महिपतीच्या जागेवर भलतंच पोर बसलं होतं, कपाळाला गंध, केसांना चोपून तेल.

"अक्का," तिनं रंभाबाईंच्या कानाशी तोंड नेलं, "हा शेजारच्या सुंदरम्माचा व्यंकटी ना?"

"हळू बोला की. आज त्यो महिपती हाय."

"आणि आपला महिपती?"

"माडीवर घातलाय कोंडून. मुडद्याला पाढं येत न्हाईत. तीनाचा म्हणाय लावला तर घाम फुटतोय त्येला. व्यंकटीला लई येतंय. त्येच्या आईला सांगून आणलाय उसना."

प्रेमला थक्क झाली. तपासणीला शेजारच्या गावची हुशार पोरं उसनी आणून बसवायची, ही खेड्यापाड्यांतल्या मास्तरांची जुनी खोड, आणि ती पकडण्यात आबासाहेबांचा हात धरणारा डेप्युटी जिल्ह्यात झाला नव्हता. आज ती खोड त्यांच्याच दिवाणखान्यात, त्यांच्याच सुनेनं, त्यांच्याच नातवाच्या जागी बसवली होती, आणि आबांना पत्ता नव्हता. घरात सहा पोरं आहेत एवढं ते जाणून होते. पण त्यांच्याकडे तोंड वर करून बघायची वेळ कधी आली होती? त्यांचं डोकं कायम हजेरीपटात.

आबांनी चष्मा लावला आणि हजेरी सुरू केली.

"अनसूया मानसिंग."

"हजर!"

"महिपती मानसिंग."

"हजर!" व्यंकटी खणखणीत म्हणाला.

"हजर!" माडीवरून आवाज आला.

महिनाभरात त्या शाळेत पोरं एकच गोष्ट रोजच्या रोज, चोख शिकली होती: आपलं नाव आलं, की घरात कुठंही असा, मोरीत असा, पलंगाखाली असा, ओरडून हजर म्हणायचं. महिपती त्यात पहिला होता. आपला आवाज खाली पोचला नाही असं वाटून त्यानं पुन्हा एकदा जीव तोडून हाळी दिली, "हजर हाय की वो आबा!"

शिवलिंगप्पा गुरुजींचा चेहरा जो उजळला, तसा तो आजवरच्या एकाही तपासणीत उजळला नसेल.

"एक पोरगं आणि दोन हजर," ते हळूच म्हणाले. "आमच्याकडं पण व्हायचं हो साहेब असं. तुम्ही मला सगळ्या पोरांसमोर उभं केलेलं. आठवतंय का?"

आबा कानापर्यंत लाल झाले. "रंभा!"

रंभाबाईंनी पदर पार नाकापर्यंत ओढला. आतून मुक्ताबाई हात पुसत आल्या. "अगं बया, ह्ये सुंदरम्माचं प्वार हितं काय करायलंय?"

"एकोणतीसचा म्हणू का?" व्यंकटीनं उठून विचारलं. त्याची फार तयारी झाली होती. कुणी हो म्हणेना तेव्हा त्यानं एकोणतीस एके एकोणतीस सुरूच केलं. त्याला शिऱ्याची वाटी देऊन घरी पाठवावं लागलं.

तिकडे माडीची कडी काढली, इकडे आबांनी घाम पुसला. "हा प्रकार दुर्दैवी आहे. दोषींवर कारवाई होईल. गुरुजी, आपण सातवीला विचारा. सातवी पक्की आहे."

सातवी म्हणजे अनसूया, रंभाबाईंची थोरली. गुरुजींनी सोपंच विचारलं. अर्धा आणि एक तृतीयांश, बेरीज किती? अनसूया फळ्यापाशी गेली. तिनं वरच्याची वरच्यात मिळवणी केली, खालच्याची खालच्यात, आणि लिहिलं दोन पंचमांश.

"असं का?" गुरुजी म्हणाले. रागानं नाही, नुसतंच म्हणाले.

"पुस्तक!" आबा गरजले. "सातवीचं गणित काढा!"

वर्गनायक धावला. रंभाबाईंनी कमरेची किल्ली आधी उलटी घातली, मग सुलटी. कपाट उघडलं एकदाचं. तांबड्या पट्टीचं पुस्तक निघालं. वर्षाचं निम्म्याहून जास्त अंतर कापलेलं ते पुस्तक, पण महिनाभर दाबून ठेवल्यामुळे नव्या कव्हराच्या खळीनं पानं एकमेकांना धरून बसली होती. आबा ती नखानं सोडवायला लागले. अनसूया फळ्याकडे तोंड करून उभी होती. आपलं चुकलंय हे तिला कळत होतं, कुठं ते कळत नव्हतं. तिची मान खाली गेली आणि खालचा ओठ हलायला लागला.

गप्प उभी राहा, प्रेमला स्वतःला म्हणाली. बुडाली शाळा. अजून जरासं गप्प राहिलीस, की तुझी नोकरी तुझी. पण ती पोरगी रडायला आली होती आणि हातात खडू होता, आणि बाई नुसती बघत उभी, हे तिला काही केल्या जमेना. इतक्या वर्षांची सवय अशी मेली एका महिन्यात कशी जाईल? ती सरळ आत गेली.

"अगं अगं, संप!" कोपऱ्यातून एकनाथ ओरडला.

"असू दे."

तिनं फळा पुसायच्या गठ्ठ्यातला एक कोरा टॉवेल ओढला आणि जाजमावर पसरला. "अनू, हा एक पूर्ण टॉवेल. मधून घडी घाल. आता आडवा, तीन सारख्या पट्ट्यांत दुमड. उलगड बघू. किती घरं झाली?"

"सहा."

"अर्धा टॉवेल म्हणजे किती घरं?"

"तीन." अनसूयानं घरांवर हात ठेवला.

"आणि तिसरा हिस्सा?"

"दोन." ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "काकू, मग पाच की! सहातली पाच! मी खालच्यात खालचं उगीच मिळवलं. घरं सारखी केली की झालं."

"मग सहावं घर कुणाचं?" माडीवरून उतरून आलेल्या महिपतीनं विचारलं. प्रेमलाचा नारायण दुसरीतला, तोही रांगत जवळ आला. बघता बघता सहाच्या सहा पोरं टॉवेलावर वाकली. कुणी अर्धा दाखवत होतं, कुणी सहावा हिस्सा. प्रेमलाला किती दिवसांनी इतकं बरं वाटलं! अंगात वारं भरल्यासारखं झालं. मग तिनं मान वर केली, आबांचं तोंड पाहिलं, आणि आपण काय करून बसलो ते तिला समजलं.

"पाहिलंत गुरुजी?" आबा छाती काढून म्हणाले. "या आमच्या नियोजित मुख्याध्यापिका. शाळा उतरली! सूनबाई, या, इथं सही करा."

मसुदा पुढे आला, पेनाचं टोपण निघालं. आपल्याच हातानं आपला गळा कापला, दुसऱ्या कुणाला बोल लावायचा? एकनाथकडे तिनं पाहिलं. तो छताकडे बघत होता.

शिवलिंगप्पा गुरुजींनी पुस्तकाची चिकटलेली पानं चाळवत विचारलं, "बाईंनी झकास शिकवलं. हेडमास्तर व्हावं त्यांनीच. पण साहेब, बाई हेडमास्तर झाल्या तर तुम्ही कोण?"

"मी? मी... मार्गदर्शक."

"तसलं पद मंजूर नाही हो. मंजूर नाही ते पद दाखवायचं नाही, म्हणून तुम्हीच मला झापलेलं."

गुरुजींनी ते मुद्दाम विचारलं की भोळेपणानं, हे प्रेमलाला पुढेही कधी कळलं नाही. पण तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिनं पेन हातात घेतलं.

"करते मी सही, आबा. फक्त नियम तेवढे एकदा सांगा. कपाटाची किल्ली कुणाकडे असते?"

"मुख्याध्यापकाकडे," आबा म्हणाले. नियम विचारला, की त्यांची जीभ त्यांना विचारत नसे.

रंभाबाईंचा हात कमरेला गेला.

"वेळापत्रक, घंटा, हजेरी?"

"मुख्याध्यापकाकडेच. पण..."

"आणि डेप्युटींनी शाळेत कधी यायचं?"

"वर्षातून एकदा," आबांचा आवाज बारीक झाला. "आगाऊ कळवून."

"बरं झालं. मग उद्यापासून तुमची खुर्ची बाहेर व्हरांड्यात. " तिनं सासूबाईंकडे पाहिलं. "आत्याबाई, शाळेच्या वेळात मला स्वयंपाकघरातून हाक मारायची नाही. आणि फोडणीचा ठसका वर्गात येतो, तेव्हा मधल्या सुट्टीपर्यंत चूल बंद ठेवावी लागेल. कपाट काही परत मिळायचं नाही, ते आता शाळेचं. आणि अहो," ती एकनाथकडे वळली, "वर्गात पत्ते चालायचे नाहीत. कुठं करू सही?"

पहिल्या रंभाबाई पुढे आल्या. "आबा, मी काय म्हन्ते, सरकारी नोकरी कोण सोडतंय व्हय? लोकं रांगा लावून बसल्यात त्या नोकरीसाठी! माज्या मनाला तर ह्ये पटतच नव्हतं."

"व्हय तर," मुक्ताबाईंनी रंभाबाईंना सासू-सुनेच्या इतिहासात प्रथमच दुजोरा दिला. "तिची नोकरी सोडवू नगासा. माजी लुगडी ट्रंकंत कुबट वास मारायलीत, चूल बंद ठेवायची म्हन्ती! घरात काय शाळा असती काय?"

"मी तर पहिल्यापासून हेच म्हणत होतो," एकनाथ म्हणाला.

राहिले आबा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. व्हरांड्यातल्या खुर्चीकडे पाहिलं. तिथं ऊन असायचं. "वास्तविक," ते घसा साफ करून म्हणाले, "प्रशिक्षित शिक्षिकेनं शासकीय सेवा सोडणं राष्ट्राच्या दृष्टीनं इष्ट नाही. संप मिटताच सूनबाई कामावर रुजू होतील. पोरंही आपापल्या शाळेत जातील. हा माझा निर्णय आहे." आणि त्यांनी मसुद्याची घडी घालून ती खिशात ठेवली.

"शेरा काय लिहू साहेब?" गुरुजींनी विचारलं.

"लिहा काय ते."

गुरुजींनी सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं: सामान उत्तम. मग आणखी थोडा शिरा मागितला.

प्रेमला स्वयंपाकघरात आली आणि पाण्याच्या पिंपाला टेकून उभी राहिली. जिंकली होती ती. हसूही येत होतं. पण हसता हसता तिला एकदम भरून आलं. या घराचं कैरीच्या लोणच्यात गूळ घालावा की नाही यावर कधी एकमत झालं नव्हतं, ते आज झालं होतं, आणि कशावर, तर तिला रोज सकाळी घराबाहेर घालवण्यावर. बाई तू शिकवतेस चांगलं, तुझं काम सोडू नकोस, असं एकाच्या तरी तोंडातून निघावं? नवऱ्याच्या तरी?

"काकू." अनसूया टॉवेल घेऊन दारात उभी होती. "पाव आणि एक तृतीयांश असेल तर किती घरं करायची? सहात पाव बसंना."

"विचार कर. बसेल."

अनसूया आत आली नाही. टॉवेलाचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "आमच्या शाळेत सर नुसतं फळ्यावर लिहितात. तुम्ही त्या पोरींना रोज असंच शिकवता?"

"हो."

"मग मला कधीच का नाही शिकवलं?"

प्रेमला बघत राहिली. ही पोरगी आपल्या लग्नात पाळण्यात होती. या घरात, या एका छपराखाली वाढली. रोज संध्याकाळी शाळेतून आल्यावर प्रेमलानं पदर खोचून कणीक मळली, भांडी घासली, दळण निवडलं, आणि हिनं कोपऱ्यात बसून खालच्यात खालचं मिळवलं. संपाचं राहू दे. संप तर महिन्याचा. त्याआधी काय होतं? प्रेमलानं खाली बसून टॉवेल फरशीवर पसरला आणि अनसूयाला हाताला धरून शेजारी बसवलं.

"प्रेमला!" मागच्या दारातून मुक्ताबाईंची हाक आली. "गुरुजींची ताटं पडल्यात की गं! कोण घासणार?"

अनसूया सवयीनं उठायला लागली. प्रेमलानं तिचा हात सोडला नाही.

"थांबा, आत्याबाई," ती म्हणाली. "तास चालू आहे."